नऊ चाळण्या

४१७

चव-खोलीत नमुन्यांना एक, दोन, तीन असे नंबर देत नाहीत. एक म्हटलं की माणूस ती वाटी आधीच बरी धरून चालतो. म्हणून मनाला येतील ते तीन आकडे. ४१७, ८६२, २०५.

तीन वाट्या, प्रत्येकीत पावाचा एक तुकडा. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रोज सकाळी साडेदहाला आठ बायका हे काम करतात. खोलीत लाल दिवा, म्हणजे पावाच्या रंगावरून काही ताडता येऊ नये. चूळ भरायला कोमट पाणी, थुंकायला कागदी पेला. येण्याआधी चहा नाही, पान नाही, अत्तर नाही, केसात गजरा नाही.

"नवरा विचारायलाय, आठ वर्षं झाली, रुसलीस का काय," पहिला तुकडा चावता चावता नसीमा आपा म्हणाल्या. "म्हटलं, गजरा घातला तर पाव बी मोगऱ्याचा लागतो. त्याला पटंना."

"आपा, तोंडात नमुना आहे. बोलू नका," काचेच्या पलीकडून राजमती म्हणाली.

"नमुना घरी बसलाय. तोंडात पाव हाय."

राजमती उस्तुर्गे या खोलीची प्रमुख. वय बावन्न, त्यातली बारा वर्षं इथे. दुसऱ्या कारखान्यांत चव-खोली चांगली चव शोधते, इथे उलटं. पावात सहा टक्के तंतू मिसळला आहे हे कुणाच्याही जिभेला कळता कामा नये. आठ बायका, तीन फेऱ्या, चोवीस उत्तरं. डोळे मिटून नुसता अंदाज केला तरी तीनातलं एक बरोबर येतंच, म्हणजे चोवीसात आठ. बरोबर उत्तरं आठाच्या आसपास राहिली की बायकांना काही कळलेलं नाही. बायका हरल्या की माल पास.

आज सात बरोबर आली. राजमतीने सही केली.

तेवढ्यात फोन वाजला. कल्याणी. तिची मुलगी. नमस्कार नाही, हॅलो नाही.

"पाचवा दिवस, आई."

"अजून शी नाही झाली?"

"नाही. पोट असं झालंय, नगाऱ्यासारखं. घासाला तोंडच उघडत नाही ती. वजन आज परत तेच. सहा किलो सहाशे."

दोन महिने तेच होतं. नऊ महिन्यांच्या नातीचं, बुंदीचं. पाळण्यातलं नाव मैत्रेयी, पण त्या नावाने तिला अजून कुणी हाक मारलेली नव्हती.

८६२

पाकिटावरची ओळ, बारा वर्षांपूर्वी:
तुरीच्या टरफलाचा तंतू. किंचित कणीदार लागेल.

आठ वर्षांपूर्वी:
तंतुयुक्त. चवीत फरक नाही.

या वर्षी:
अलगद.

तंतू म्हणजे अन्नातला असा भाग जो आपल्याला पचत नाही. कोंडा, साल, शिरा, धागे. जठर त्याला हात लावत नाही, लहान आतडं लावत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो, आणि तिथे कोट्यवधी जिवाणू त्याची वाट बघत असतात. तो त्यांचा घास. ते त्याला आंबवतात. आंबवताना जी आम्लं तयार होतात त्यांच्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो, रक्तातली साखर सावकाश चढते, सकाळी कुंथावं लागत नाही.

हे लोकांना कळत होतं, वळत नव्हतं. घरात तीन माणसं असली तर एकाला मधुमेह, अशी वेळ आली होती. कोंड्यासकट खा म्हणून डॉक्टर सांगून थकले, पण लोकांना मऊ पाव हवा होता, पांढरी बिस्किटं हवी होती. मग नियम आला. विकायच्या प्रत्येक पिठात, पावात, शेवयांत, बिस्किटांत सहा टक्के तंतू. लातूरला डाळमिलांची कमी नव्हती. तुरीचं टरफल आजवर गुरांच्या चुणीत जात होतं. त्याच टरफलातून अलगद निघाला. पांढरा, मैद्याहून मऊ, पाण्यात विरघळणारा, बिनचवीचा.

आणि साखर खरंच उतरली. राजमतीच्या नवऱ्याची सुई सुटली. दवाखान्यांतल्या रांगा आखूड झाल्या. पाय कापायची वेळ आलेली माणसं पायांनी चालत बाजारात जाऊ लागली. यात खोटं काहीच नव्हतं.

२०५

दुपारी राजमती कल्याणीच्या घरी पोचली तेव्हा बुंदी चटईवर उताणी होती. गुडघे पोटाशी घ्यायची, चेहरा लाल करायची, मग थकून सोडून द्यायची. रडण्याचा आवाजही बारीक झाला होता.

कल्याणीने टेबलावर लंगोटपट्टी ठेवली. औषधाच्या दुकानात मिळते, बोटाएवढी. लंगोटात ठेवायची. तिच्यावर बारा ठिपके असतात, तंतू खाणाऱ्या जिवाणूंच्या बारा मोठ्या कुळांसाठी एकेक. जे कूळ पोटात नांदतंय त्याचा ठिपका निळा होतो.

"ही शेवटची. पाच दिवसांपूर्वीची."

एक ठिपका निळा. अकरा पांढरे.

"माझे दोन आले," कल्याणी म्हणाली. "डॉक्टर लाइनवर आहेत. तुझ्याशीच बोलायचंय त्यांना."

पडद्यावर पुण्याच्या डॉक्टर वैदेही आगाशे होत्या, पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या. साठीच्या, चष्मा कपाळावर, समोर बहुधा न संपलेलं जेवण.

"राजमतीताई, तुम्ही अलगदच्या कारखान्यात ना? मग मला एक सांगा. अख्ख्या टरफलात किती तऱ्हेचे तंतू असतात?"

"तीस-चाळीस. काही लांब, काही फांद्या फुटलेले, काही एकमेकांत गुंतलेले."

"आणि अलगदमध्ये?"

राजमतीने टेबलावरची पट्टी उलटी करून ठेवली.

"एक."

"तेच वाटलं मला. हे बघा, प्रत्येक जिवाणूला प्रत्येक तंतू खाता येत नाही. कुलूप-किल्लीसारखं आहे. तुमचा एकच तंतू, म्हणजे एकच कुलूप. ज्याच्याकडे ती किल्ली तो खाऊन माजला. अलगद आहे म्हणून लोकांनी साल, कोंडा, पाला ताटातून काढला, आणि बाकीच्यांना वर्षानुवर्षं पानच वाढलं नाही. मोठ्या माणसांना ते जाणवलं नाही, त्यांच्याकडे जुना साठा होता. बाळाला जिवाणू मिळतात ते मुख्यतः आईकडून. आईकडेच दोन उरलेत, तर बाळाला किती मिळणार? अंगावरचं दूध होतं तोवर भागलं, दुधावर वेगळे जिवाणू जगतात. वरचं अन्न सुरू झालं आणि आत ते खाणारं कुणी नाही. अलगदची पेज तेवढी चालते. वरणभात दिला, केळं दिलं की तिथेच अडतं."

"म्हणजे ते मेलेत?" कल्याणीने विचारलं. "ते अकरा?"

"किंवा थोडेसे आहेत, पट्टीला दिसण्याइतके नाहीत. कोपऱ्यात दबा धरून. उपाशी आहेत की मेलेत, ते पान वाढल्याशिवाय कळायचं नाही. दर वेळी औषध देऊन पोट साफ करत राहणं हा काही तोडगा नव्हे. आज देऊ, पण कायम नको."

डॉक्टर गेल्या. कल्याणीने बुंदीला खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ चोळत राहिली. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात ती अभियंता होती. कुठल्या पाइपात काय अडकतं हे शोधणं तिचं काम. ती आवाज न चढवता बोलली.

"मी कॉलेजात होते. तू नवा पाव घरी आणलास. ओळख बघू म्हणालीस, कशात तंतू आहे. मला ओळखता आलं नाही म्हणून तुला केवढा आनंद झाला. बाबांना फोन करून सांगितलंस."

"कल्याणी, तेव्हा कुणालाच—"

"माहिती नव्हतं. मान्य. पण आई, कोंडा लागतो म्हणून माल परत पाठवणारी तूच ना? दर वेळी? तुझ्या जिभेला चाललं नाही म्हणून ते काढलं, हे चाललं नाही म्हणून ते काढलं." तिने बुंदीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तू थोडे दिवस येऊ नकोस. भरवायला तर नकोच. तुझ्या हातात वाटी बघितली की मला काहीतरी होतं."

६३९

राजमतीने दुसऱ्या दिवशी जुनी कपाटं उघडून काढलेले कागद, क्रमाने:

पहिलं वर्ष, फेब्रुवारी. बरोबर उत्तरं चोवीसपैकी बावीस. शेरा: दाताखाली कचकच. उपाय: दुसरी चाळणी. सही, रा. उ.

दुसरं वर्ष, जून. बरोबर उत्तरं अठरा. शेरा: गिळल्यावर मागे तुरट. उपाय: तिसरी चाळणी. सही, रा. उ.

तिसरं वर्ष, दिवाळीनंतर. पंधरा. शेरा: भिजलेल्या डाळीचा वास. उपाय: चौथी आणि पाचवी. सही.

पाचवं वर्ष. तेरा. शेरा: जिभेवर किंचित चिकटपणा, फक्त नसीमा शेख यांना. उपाय: सहावी. सही.

सातवं वर्ष. अकरा. शेरा: सांगता येत नाही, पण आहे. उपाय: सातवी. सही.

नववं वर्ष. दहा. शेरा: (कोरा). उपाय: आठवी, नववी. सही. बाजूला पेढ्याच्या तुपाचा डाग. त्या दिवशी पेढे वाटले होते.

५७४

या चाळण्या म्हणजे तारेच्या जाळ्या नव्हेत. दोन माणसं उंचीचे पोलादी खांब, आत रेणूंची लांबी आणि फांद्या ओळखून अडवणारी पाझरती भरण. कामगार त्यांना चाळण्या म्हणतात म्हणून सगळेच म्हणतात. शिजवलेल्या टरफलाचा पातळ रस पहिलीत शिरतो आणि नववीतून शुभ्र होऊन बाहेर पडतो. प्रत्येक चाळणी काहीतरी अडवते. अडवलेलं खालच्या एका जाड नळातून मागच्या दाराला जातं.

राजमती त्या नळाशी उभी होती. तोटीतून तपकिरी, घट्ट काहीतरी पोत्यात पडत होतं. तिने बोट लावून चाखलं. कचकच. तुरट. भिजलेल्या डाळीचा वास. बारा वर्षांचे शेरे एका बोटावर.

"ताई, ते खायचं नसतं," मागून अच्युत नाईकनवरे म्हणाला. कारखान्याचा प्रमुख, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला लागला तेव्हा तिच्याच हाताखाली पेले धुतलेला. "ते गुरांचं आहे."

"गुरांची पोटं बघितलीस कधी? मस्त असतात."

"कल्याणीचं कळलं मला."

"तीस-चाळीस तंतू येतात, अच्युत. एक आपण माणसांना देतो. उरलेले सगळे म्हशींना."

अच्युतने तोटीकडे बघितलं. "लोकांना तोच एक चालतो, ताई. तुम्हीच सिद्ध केलंय. कचकच आली तर पाव परत येईल. लोक चोरून साधा मैदा घेतील, साखर परत वाढेल. तुम्हाला माहितीय काय दिवस होते ते."

"माहितीय."

"मग?"

"मग मला दोन किलो दे. पोत्यात पडायच्या आधीचं, नळातूनच भरून. आपल्या प्रयोगशाळेत तपासून दे. जंतू, फवारणीचे अंश, सगळं. ते वाळवून अलगदमध्ये परत मिसळणार मी. होतं तसं."

"आणि देणार कुणाला?"

तिने तोटीखालचं पोतं बाजूला सरकवलं. अच्युतने पोलादी डबा स्वतः आणून नळाखाली धरला. डबा भरल्यावर त्याने हळूच बायकोचं सांगितलं, "सुनंदाला पाचवा महिना चालू आहे. तिची पट्टी करून बघितली काल. तीन ठिपके."

९१८

तपासणीला दोन दिवस गेले. डबा स्वच्छ ठरला. डॉक्टर आगाशेंनी मात्रा लिहून दिली: आईला दिवसातून दोन चमचे, चार दिवसांनी बाळाला पेजेतून पाव चमचा, आणि मग औषध थांबवून बघायचं. राजमतीने बेल वाजवली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"येऊ नको म्हटलं होतं ना."

"आत येत नाही. हे द्यायला आले."

"काय आहे?"

"अलगदमधून आपण काढून टाकतो ते. सगळं. परत मिसळलंय."

कल्याणीने झाकण उघडलं. "एरवी कुठे जातं हे?"

राजमती खोटं बोलू शकली असती.

"गोठ्यात."

"गोठ्यात." कल्याणी हसली, पण हसू ओठांपुरतंच. "आधी बारा वर्षं मला मैदा चारलास पांढरा, आणि आता माझ्या लेकीला ढेप?"

"ढेप नाही. टरफलच आहे. जे तू लहानपणी सालासकट डाळीच्या वरणात खाल्लंस तेच. तपासलंय. डॉक्टरांनी मात्रा दिलीय. तुला नको असेल तर फेकून दे, मी विचारणार नाही."

आतून बुंदीचा तो बारीक आवाज आला. कल्याणीने करंगळी डब्यात बुडवली आणि चाटली. तोंड वाकडं केलं.

"शी. कडू आहे. घशाला टोचतंय."

"हो," राजमती म्हणाली. "बारा वर्षं मी हेच लिहीत आलेय."

कल्याणीच्या नाकातून हवा सुटली. हसणं म्हणावं तर तेवढंच.

"आधी मी खाते. मला काही झालं तर डबा तुझ्या दारात आणून ओतीन."

"मीही खाते बरोबर."

"तू तुझ्या घरी खा."

दार लागलं. पण डबा आत गेला होता.

(आकडा नसलेले कागद)

कल्याणीचे निरोप. ती दिवसाला एक पाठवायची.

दिवस १. घातलं पिठात. चपाती गोणपाटासारखी झालीय. तुझ्या जावयाने दोन खाल्ल्या आणि काही बोलला नाही. घाबरलाय.

दिवस ३. माझं पोट म्हणजे ढोल. कार्यालयातून बोलावणं आलं तर वाजवत जाईन.

दिवस ४. ढोल जरा उतरला.

दिवस ५. बुंदीला पाव चमचा. थुंकली. परत दिलं. परत थुंकली. तुझीच नात, थुंकायला शिकवावं लागत नाही.

दिवस ८. चाटते आता. तोंड असं करते जणू आपण फसवलंय तिला.

दिवस ११. खूप रडली. पोट दगड. आई मी थांबवू का?

(राजमतीने डॉक्टरांना विचारून उत्तर पाठवलं: मात्रा निम्मी कर, थांबवू नको. पाठवण्याआधी तिने 'थांबवू नको' तीनदा पुसलं आणि चौथ्यांदा लिहिलं. चुकलं तर ते तिचं चुकणार होतं, डॉक्टरांचं नव्हे. आधीच्या सहाही सह्या तिच्याच होत्या.)

दिवस १३. झोपली. तीन तास सलग.

दिवस १५. माझी पट्टी केली. पाच. आई, पाच निळे!! पण माझे. तिचं कसं कळणार, औषधाने जे होतं त्यात पट्टी चालत नाही.

दिवस १६. डॉक्टर म्हणाल्या, आजपासून औषध बंद. आपोआप होते का बघायचं. जास्तीत जास्त चार दिवस. नाही झाली तर पुण्याला भरती.

दिवस १७. नाही.

दिवस १८. नाही. बॅग भरून ठेवलीय.

३४०

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चव-खोलीत वेगळीच खेप आली. अच्युतने आदल्या दिवशी एक यंत्ररांग थांबवून चाळण्या दोन ते नऊ बंद ठेवल्या होत्या आणि निघालेल्या मालाचे शंभर पाव भाजून घेतले होते. का, ते त्याने वर कळवलं नव्हतं. कागदावर लिहिलं: चाळण्यांची देखभाल.

राजमतीचा फोन टेबलावर उपडा पडला होता. नियमाने तो खोलीबाहेर हवा. आज तिने नियमाकडे बघितलं नाही, आणि बायकांनीही तिच्याकडे बघून काही म्हटलं नाही.

पहिली फेरी. आठ बरोबर.

दुसरी फेरी. आठ.

तिसरी फेरी संपायच्या आत नसीमा आपांनी वाटी खाली ठेवली. "हे काय, थट्टा करायलाव का? माझ्या सासूनं बी सांगितलं असतं. आणि तिला दात नाहीत."

चोवीसपैकी चोवीस. बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

"नापास," अच्युत पुटपुटला. नियमाप्रमाणे तेच होतं. त्याने कपाळ चोळलं. "म्हटलं होतं मी. एक घास आणि सगळ्यांना कळतं."

राजमती लाल दिव्यातल्या आठ चेहऱ्यांकडे बघत होती. मग तिने काच सरकवली आणि असा प्रश्न विचारला जो त्या खोलीत कुणी कधी विचारलेला नव्हता, कारण तो त्यांच्या कागदावर छापलेलाच नव्हता.

"आवडला का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आवडला का म्हणजे?" एक म्हणाली. "वेगळा कुठला ते सांगितलं की."

"ते झालं. आवडला का?"

"थांबा, मग परत खाऊ द्या," आपा म्हणाल्या. त्यांनी वेगळा तुकडा उचलला, चावला, आणि थुंकायच्या पेल्याकडे हात न्यायचं विसरून गिळून टाकला. "कोरडा हाय. पण काहीतरी खाल्ल्यासारखं वाटायलंय. जवसाच्या चटणीसंगं लई जाईल."

"मला नाही आवडला. भुसा चावल्यासारखं."

"मला भाकरीची आठवण आली."

"लेकरं नाही खाणार बघा."

"लेकरं मोबाइल दिला की माती बी खातात."

पाच हो, तीन नाही. अच्युतने मोजलं, मग पुन्हा मोजलं. "आठातल्या पाच जणींना कळूनही चालतंय," तो सावकाश म्हणाला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच नवीन होतं. "पावातलं लोकांना कळलं तरी चालेल, असं आपण कधी विचारूनच बघितलं नाही."

"आपण ते कळू नये म्हणूनच बारा वर्षं झटलो," राजमती म्हणाली.

तेव्हा फोन टेबलावर थरथरत सरकायला लागला.

राजमतीने तो उचलला, पण उघडेना. बोटं ओली होती, पडदा बोट घेत नव्हता. आपांनी काचेतून हात घातला, फोन घेतला, पदराला पुसला आणि सरळ दाबला. कल्याणीचा आवाज लाल खोलीभर मोठ्याने आला.

"आई!"

"काय झालं? निघताय का? मी येते स्टँडवर—"

"झाली!"

बायका काचेपाशी गोळा झाल्या.

"काय झालं?"

"अगं शी झाली! आपोआप! खेळत होती, खेळता खेळता गप्प झाली, माझ्याकडे बघितलं, आणि... अगं केवढी! लंगोटात मावली नाही. पाठीपर्यंत गेलंय. मानेला लागलंय, आई, मानेला!"

आठ बायका एकदम ओरडल्या. आपा म्हणाल्या, "या अल्ला, तेरा शुक्र," आणि लगेच फोनवर वाकून, "बेटा, रंग कसा हाय?"

"कोण? आपा? पिवळा. मोहरीच्या जवळपास."

"आणि पोत?"

"आपा!" राजमती म्हणाली.

"कामाचं इचारायलेय! घट्ट का मऊ?"

"मऊ," पलीकडून कल्याणी हसत हसत सांगत होती, आणि ते हसू या खेपेला पोटातून येत होतं, "मऊ, एकसारखं, मध्ये जरा कणीदार."

"कणीदार," आपांनी खोलीला जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

"पट्टी बघितली का?" राजमतीने विचारलं.

"बघतेय ना, एका हाताने धरलीय तिला, ती हातपाय मारतेय. थांब. एक. दोन. हा निळा आहे का राखाडी? निळाच. तीन. चौथा अर्धवट आहे. आई, साडेतीन!"

मेलेले नव्हते. उपाशी होते. राजमती पेल्यांच्या टेबलावर टेकली. तीन आठवडे घशाखाली नीट घास उतरला नव्हता, आणि आता अचानक, सकाळी सव्वाअकराला, तिला मरणाची भूक लागली. तिने समोरच्या वाटीतला उरलेला तुकडा तोंडात टाकला. तुरट, कचकचीत. तो तिने गिळला.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मग ये ना. नुसती ऐकत काय बसलीस! तुझा जावई कामावर गेलाय, ही हातात राहीना, मी सगळी माखलेय. मला एकटीला धुववत नाही."

राजमतीने पांढरा अंगरखा काढून खुंटीला अडकवला. दारात अच्युत उत्तरपत्रिका धरून उभा होता. "ताई, सही राहिली." खाली दोन चौकटी होत्या, पास आणि नापास. नापासच्या चौकटीवर त्याने स्वतःच काट मारलेली होती, जरा घाबरत, पुसट. राजमतीने भिंतीवर कागद टेकवला, पासच्या चौकटीत खूण केली, चोवीसपैकी चोवीस असं अक्षरांत लिहिलं आणि सही केली.

"वरचे विचारतील," अच्युत म्हणाला.

"विचारू देत. सुनंदाला दोन चमच्यांनी सुरुवात करायला सांग. पहिले तीन दिवस पोट ढोल होईल, घाबरू नका म्हणावं."

रिक्षाला बारा मिनिटं लागली. कल्याणीच्या घराचं दार सताड उघडं होतं, फरशीवर पाण्याचे पट्टे न्हाणीपर्यंत गेलेले. आत नळ सोडलेला होता. कल्याणी कोपरापर्यंत भिजून बसली होती आणि तिच्या हातात नागडी, निसरडी, मोहरीच्या रंगाने माखलेली बुंदी आनंदाने लाथा झाडत होती.

राजमती उंबऱ्याशी थांबली. चपला काढू लागली.

"चपला राहू दे," कल्याणी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी लेक पुढे केली. "धर आधी हिला."